नेट जुन्या डब्याच्या नावावर

बावीस वर्षं डोंबिवलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतोय. ‘नवा कॉम्प्युटर आणला, पण नेट येत नाही’ ही तक्रार महिन्यातून दोनदा तरी येते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात मिटते. हे प्रकरण मिटायला शनिवारची संध्याकाळ ते सोमवारची दुपार एवढा वेळ लागला. गंमत म्हणजे यात बिघडलेलं असं काहीच नव्हतं. कॉम्प्युटर कोरा करकरीत, वायर ठीक, कनेक्शन चालू, बिल भरलेलं. तरी नेट नाही.

काय होतं, काय आणलं

डोंबिवली पूर्वेला चार मजल्यांची, लिफ्ट नसलेली जुनी बिल्डिंग. तळमजल्यावर काकू राहतात. घरातूनच डीटीपी करतात: लग्नपत्रिका, पतपेढ्यांचे अहवाल, वर्षाला एक-दोन दिवाळी अंकांची पानं. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे ते उघडणारी यूएसबीची किल्ली, गळ्यातल्या मंगळसूत्रासारखा जपतात. काका सहा वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर बँक, वीज, सोसायटी सगळं काकूंनी आपल्या नावावर करून घेतलं. केबलचं नेट तेवढं राहिलं, कारण महिन्याला पैसे घ्यायला केबलवाल्याचे वसुलीचे मामा दारात येतात, पावती फाडतात, चहा घेतात. तिथे नाव कोण विचारतो?

जुना कॉम्प्युटर २०१४ साली मीच जोडून दिला होता. चौथ्या पिढीचा इंटेल आय३ प्रोसेसर, मागाहून एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, टाकलेली. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तो गेला. बटण दाबलं की पंखा एकदा गरगरायचा आणि गप्प. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा भाग, बदलून पाहिला, रॅम काढून-घासून पाहिली. बोर्डच गेला होता. जुन्या बाजारातून तसलाच बोर्ड मिळाला असता, पण विंडोज १० ची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होती आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. चौथ्या पिढीवर पैसे घालणं म्हणजे मोडक्या खाटेला नवी गादी. मीच म्हटलं, नवा घ्या.

काकूंच्या भाच्याने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नवा जोडून आणला. गुरुवारी, २ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या मुहूर्तावर टेबलावर ठेवला, कॅबिनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचं फूल ठेवलं. जुन्या कॉम्प्युटरची एसएसडी नव्यात दुसरी डिस्क म्हणून बसवली, म्हणजे काकूंचं काम जसंच्या तसं हाताशी राहिलं. हे त्या पोराने शहाणपणाचं केलं. जुना रिकामा डबा वॉचमनच्या खोलीत गेला, भंगारवाला येईल तेव्हा द्यायला.

इथे ‘केबलचं नेट’ म्हणजे काय, ते आधी सांगतो. काही शहरांत टीव्हीच्या त्याच गोल केबलमधून नेट येतं आणि घरात केबल मोडेम असतो. आमच्याकडच्या जुन्या बिल्डिंगांत तसं नाही. १९९८ मध्ये खासगी कंपन्यांना इंटरनेट विकायची परवानगी मिळाली आणि पुढच्या काही वर्षांत केबल टीव्हीवाल्यांनी गच्च्यांवर स्विच, म्हणजे एक जोडणी अनेक घरांत वाटणारं यंत्र, बसवून साधी लॅनची (कॉम्प्युटर एकमेकांना जोडायची) वायर घराघरांत सोडली. घराघरांतली ओळख, वसुलीची माणसं आणि गच्चीची किल्ली हे तिन्ही त्यांच्याकडे टीव्हीमुळे होतंच. तांब्याची ही वायर शंभर मीटरच्या पुढे चालत नाही, म्हणून दर दोन-तीन बिल्डिंगांमागे एका गच्चीवर पत्र्याची पेटी असते आणि आत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला अॅडॉप्टर. काकूंची वायर तशाच पेटीतून निघून सांडपाण्याच्या पाइपाला बांधून खाली येते, खिडकीच्या चौकटीला पाडलेल्या भोकातून आत शिरते आणि थेट कॉम्प्युटरच्या पाठीत घुसते. मध्ये राउटर नाही. ‘एकच कॉम्प्युटर आहे, राउटर कशाला उगाच लाइट खायला?’ हे काकूंचं म्हणणं, आणि मी त्यावर कधी फार वाद घातला नाही. घालायला हवा होता, हे पुढे कळलं.

शनिवार, संध्याकाळचे सहा

स्क्रीनवर विंडोज ११ चं पहिलं-वहिलं सेटअप अडकलेलं होतं. देश निवडला, कीबोर्ड निवडला, आणि तिसऱ्या पायरीला ‘नेटवर्कला जोडा’. खालचं ‘पुढे’चं बटण करडं. होम आवृत्तीला पहिल्या सेटअपलाच नेट लागतं, त्याशिवाय ती पुढे सरकत नाही. नेट जोडायचं तर लॅनचा ड्रायव्हर, म्हणजे लॅनची चिप चालवणारा छोटा प्रोग्रॅम, हवा, ड्रायव्हर टाकायचा तर विंडोज उघडायला हवं, आणि विंडोज उघडायचं तर नेट हवं. भाचा दोन दिवस याच गिरणीत फिरत होता. ‘वायर ठीक आहे, मागे दिवा लागतोय,’ असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. लागत होताच. तो दिवा लॅनची चिप स्वतःच्या जिवावर लावते, विंडोजला त्याची खबर असो वा नसो. बोर्ड नवा, त्यावरची लॅन चिप नवी, आणि दुकानदाराने टाकलेल्या विंडोजमध्ये तिचा ड्रायव्हर नव्हता. बोर्डाच्या खोक्यात सीडी नाही; असती तरी नव्या कॅबिनेटमध्ये सीडी घालायला जागाच नाही.

अशा वेळी सगळ्यात जवळचं साधन म्हणजे खिशातला फोन. अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू केलं की विंडोजला तो फोन म्हणजे एक लॅन कार्डच वाटतो, आणि त्यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो. वायफाय नसलेल्या डेस्कटॉपला दुसरा इतका सोपा मार्ग नाही. काकूंनी चार्जरची वायर काढून दिली. जोडली, फोन चार्ज होऊ लागला, पण टेदरिंगचा पर्याय फोनमध्ये करडाच. पंधरा मिनिटं फोनच्या सेटिंगमध्ये घालवल्यावर लक्षात आलं की ती वायर नुसती चार्जिंगची आहे. आत वीज वाहणाऱ्या तारा आहेत, डेटाच्या नाहीत. मोबाइलच्या दुकानात पन्नास रुपयांत मिळतात त्या बहुतेक अशाच. माझ्या पिशवीतली वायर लावली आणि दुसऱ्या क्षणाला ‘पुढे’चं बटण निळं झालं.

तिथेच एक चूक माझ्याकडून झाली. फोन काकूंचा, पॅक रोज दीड जीबीचा. सेटअप पुढे सरकताच विंडोजने अपडेट ओढायला सुरुवात केली आणि मी काकूंशी दिवाळी अंकाच्या गप्पा मारत बसलो. पाऊण तासात दीड जीबी खलास. त्यानंतर त्यांच्या कंपनीचा वेग ६४ केबीपीएसवर येतो. या वेगाने काकूंची प्रेसला जायची १८० एमबीची पीडीएफ पाठवायची तर सव्वासहा तास लागले असते. डेस्कटॉप उघडल्या उघडल्या ते कनेक्शन ‘मीटर्ड’ म्हणून नोंदवायला हवं होतं. मग विंडोज मोठी अपडेट हात राखून उतरवतं. सेटअपच्या आत मात्र ही सोय नाही, म्हणून तिथे डेटा भरपूर असलेलाच फोन जोडावा.

मग माझा फोन लावला. पीडीएफ जुन्या डिस्कवर तयार होती. सगळ्यात आधी ती पुण्याच्या प्रेसला पाठवून टाकली. दुरुस्ती पळून जात नाही, प्रेसची मशीनवेळ जाते. त्यानंतर बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून लॅनचा ड्रायव्हर उतरवला. काही एमबींचाच मामला होता, पण त्याच्यावाचून दोन दिवस खोळंबले होते.

सहाशे एक्क्याण्णव

ड्रायव्हर बसला, फोन काढला, गच्चीवरून आलेली वायर लावली. कोपऱ्यात पृथ्वीचा गोळा आणि ‘अनआयडेंटिफाइड नेटवर्क’. भाच्याने आयपीकॉन्फिग, म्हणजे कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) दाखवणारी आज्ञा, चालवून दाखवलं. पत्ता १६९.२५४ ने सुरू होणारा. ‘बघा, आयपीच मिळत नाही. वरचा स्विच गेलाय.’

सर्वसाधारणपणे त्याचं बरोबर असतं. कॉम्प्युटर पत्ता मागतो, कुणी देत नाही, मग विंडोज स्वतःच १६९.२५४ चा एक पत्ता लावून घेतं. पण हे कनेक्शन पीपीपीओई पद्धतीचं आहे. यात वायर लावली म्हणून पत्ता मिळत नाही. आधी नाव-पासवर्ड देऊन जणू फोन लावायचा, समोरच्याने ओळखलं की त्या फोनच्या आत पत्ता मिळतो. ही पद्धत १९९९ सालची, डायल-अपच्या वळणावर बेतलेली. अशा वेळी लॅन कार्डावर १६९.२५४ दिसणं हा रोग नव्हेच. यूट्यूबवर बघून भाच्याने शेजारच्या कुणाचा तरी आयपी हाताने घातला होता, तो मी आधी काढून टाकला.

जुना कॉम्प्युटर चालू होताच हा ‘फोन’ आपोआप लागायचा, मी तसं लावून दिलं होतं. त्यामुळे काकूंनी अकरा वर्षांत यूजरनेम-पासवर्डचं तोंड पाहिलं नव्हतं. यूजर आयडी मामांच्या पावतीवर छापलेला मिळाला. पासवर्ड? काकूंना माहीत नाही, पावतीवर नाही, आणि माझी २०१४ ची वही केव्हाच रद्दीत गेलेली. मग आठवलं. त्या काळात मला एक सवय होती: कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला मार्करने सगळं लिहून ठेवायचं. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही सवय वाईट, मी आता कुणाला शिकवणार नाही. पण घरात शिरून, कॅबिनेट उघडून केबलच्या नेटचा पासवर्ड चोरणारा चोर मला अजून भेटलेला नाही.

वॉचमनच्या खोलीतून डबा परत आणला. दोन स्क्रू काढले, पत्रा सरकवला. धुळीच्या थराखाली माझंच अक्षर: यूजरनेम, पासवर्ड, तारीख. काकू म्हणाल्या, ‘अरे, भंगारवाला परवाच यायचा होता. मीच म्हटलं, दसरा होऊन जाऊ दे.’

नव्यावर कनेक्शन बनवलं. विंडोज ११ मध्ये ते ‘डायल-अप’ या नावाच्या कोपऱ्यात दडवलंय; तिथे नवं कनेक्शन, मग ब्रॉडबँड पीपीपीओई. नाव घातलं, पासवर्ड घातला, कनेक्ट. दोन सेकंदांत उत्तर: एरर ६९१.

भाचा हिरमुसला, मला बरं वाटलं. ६५१ आला असता तर समोरून कुणी बोलतच नाही, म्हणजे वायर, स्विच, पेटी, सगळं तपासत गच्चीवर जायचं आलं असतं. ६९१ म्हणजे समोर माणूस आहे, त्याने आपलं ऐकलंय आणि नकार दिलाय. हा नकार तीन कारणांनी येतो: पासवर्ड चुकीचा, त्याच नावावर दुसरीकडून आधीच कुणी जोडलेलं, किंवा केबलवाल्याच्या सर्व्हरने खातं एका ठरावीक कार्डाच्या पत्त्याला बांधलेलं. दुसरं शक्य नव्हतं, जुना कॉम्प्युटर आठवडाभर मेलेला. उरलं पहिलं आणि तिसरं.

तिसऱ्याला धंद्यात ‘मॅक बाइंडिंग’ म्हणतात. प्रत्येक लॅन कार्डाला कारखान्यातूनच बारा आकडी-अक्षरी पत्ता मिळतो, दोन-दोनच्या सहा जोड्या. पहिल्या तीन जोड्यांवरून कार्ड कुणी बनवलं ते कळतं. एक कनेक्शन घेऊन दोन-तीन घरांत वापरायचं, हा उद्योग सुरुवातीच्या काळात फार चाले. त्यावर केबलवाल्यांनी शोधलेला उपाय असा की ज्या कार्डावरून पहिल्यांदा जोडलं, तेवढ्यालाच नेट द्यायचं. म्हणजे कागदावर कनेक्शन काकांच्या नावावर, पैसे काकू भरतात, आणि सर्व्हरच्या लेखी खरा ग्राहक होता तो वॉचमनच्या खोलीत टाकून दिलेला डबा.

कॉल सेंटर

पावतीवरचा नंबर लावला. पलीकडच्या मुलाने पहिल्यांदा राउटर बंद-चालू करायला सांगितलं.

‘राउटर नाहीये, दादा. वायर थेट आहे.’

‘मग मोडेम ऑफ-ऑन करा.’

‘मोडेमही नाही. तुम्ही फक्त मॅक रीसेट करून द्या.’

‘रजिस्टर्ड मोबाइलवर ओटीपी जाईल सर, तो सांगा.’

रजिस्टर्ड मोबाइल काकांचा. तो नंबर ते गेल्यावर काही महिन्यांनी बंद झाला होता. काकू शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी फक्त ‘आता?’ एवढंच विचारलं. मुलाने तक्रार नोंदवली, ऑफिस सोमवारी दहाला उघडेल म्हणाला. त्याची चूक म्हणता येत नाही. ओटीपीशिवाय कुणाच्याही सांगण्यावरून खातं हलवणं बरोबर नाहीच.

पण रविवारी प्रूफं येणार होती, आणि मला काही तिथे फोन लावून ठेवून जाता येत नव्हता. म्हणून एक आडवाट घेतली. लॅन कार्डाचा पत्ता कारखान्यातून येतो खरा, पण विंडोजला सांगून तात्पुरता दुसरा लावता येतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अॅडव्हान्स्ड, तिथे ‘नेटवर्क अॅड्रेस’. त्यात जुन्या कॉम्प्युटरचा पत्ता रेघा न देता सलग घालायचा, की सर्व्हरला वाटतं जुनाच डबा बोलतोय. राउटरमध्ये याच कामासाठी ‘मॅक क्लोन’चं बटण असतं. कनेक्शन आपलं, पैसे भरलेले, म्हणून मला यात गैर वाटत नाही. मात्र एक पथ्य आहे: त्याच वायरींच्या जाळ्यात तो जुना कॉम्प्युटर पुन्हा जोडायचा नाही. एकाच पत्त्याची दोन यंत्रं आली की दोघांचंही नेट येऊन-जाऊन करतं. इथे तो धोका नव्हता, मेलेला डबा उठून बसणार नव्हता.

जुना चालू होत नाही, तर त्याचा पत्ता कसा कळणार? बऱ्याच बोर्डांवर नखाएवढा कागदी स्टिकर असतो, बारकोड आणि खाली बारा अक्षरं. टॉर्च धरून, चष्मा कपाळावर सारून भाच्याला वाचायला लावलं. शेवटचं अक्षर आठ की बी, यावर दोघांचं एकमत होईना. फोनने फोटो काढून मोठा केला, बी निघालं. घातलं, कनेक्ट, ६९१.

आठ घालून पाहिलं. ६९१. आता पासवर्डवर संशय येऊ लागला. काकूंनी मधे एकदा बदलून तर घेतला नसेल? त्यांनी कपाळाला हात लावला, ‘मला तो असतो हेच आज कळलं!’

डबा समोर उघडाच होता. मी त्यात बघत बसलो होतो, आणि खालच्या खाचेत खोचलेलं छोटं हिरवं कार्ड नजरेत भरलं. २०१९ चा मे महिना. वळवाचा पाऊस, कडाडून वीज झाली, आणि गच्चीवरून आलेल्या वायरीने बिल्डिंगमधले तीन लॅन पोर्ट जाळले. काकूंचाही गेला. बाकी कॉम्प्युटर शाबूत होता म्हणून मी साडेतीनशे रुपयांचं वेगळं लॅन कार्ड टाकून दिलं होतं. म्हणजे बोर्डावरचा पत्ता २०१९ पासून निवृत्तच. गेली सहा वर्षं नेट या कार्डावर चालू होतं. तेव्हाही मॅक बदलून घ्यायला फोन केलाच असणार, आणि तो काकांनी केला असणार. पत्र्यावर मात्र मी हे लिहिलं नव्हतं. कार्डाच्या पाठीवर स्टिकर होता. बारा अक्षरं घातली.

कनेक्टेड. रात्रीचे नऊ चाळीस.

थोडं विषयांतर, पण कामाचं

कनेक्ट झाल्यावर विंडोज ११ नवं नेटवर्क ‘पब्लिक’ धरतं. भाचा ते ‘प्रायव्हेट’ करायला निघाला होता, का तर घरचं आहे. राउटर असता तर मी काही बोललो नसतो. इथे भिंत नाही. वायर सरळ गच्चीवरच्या स्विचला जाते आणि त्याच स्विचवर अख्खी बिल्डिंग आहे. वीस वर्षांपूर्वी ‘नेटवर्क नेबरहूड’ उघडलं की वरच्या मजल्यावरच्या कुणाची गाण्यांची फोल्डरं, कुणाच्या मुंजीचे फोटो सरळ दिसायचे. लोक एकमेकांच्या कॉम्प्युटरमधून सिनेमे उचलायचे आणि जिन्यात भेटले की ‘ते अमुक अजून टाकलं नाहीत का?’ विचारायचे. आता स्विच पुष्कळ ठिकाणी घरांना एकमेकांपासून वेगळं ठेवतात, पण ती समोरच्याची मर्जी. पब्लिकच राहू दिलं, फोल्डर शेअरिंग बंद. राउटरवर वाद घालायला हवा होता म्हणालो ते यासाठीही, आणि आणखी एका कारणासाठी: राउटर असता तर यूजरनेम-पासवर्ड राउटरमध्ये राहिला असता, मॅकही राउटरचाच नोंदला असता, आणि कॉम्प्युटर कितीही बदलले तरी केबलवाल्याला पत्ता लागला नसता.

चार तारा

निघता निघता वेग बघितला. प्लॅन १५० एमबीपीएसचा, मिळाले ९४. पुन्हा बघितला, ९४. असा आकडा सतत आला की सर्व्हरला दोष देऊ नये. शंभरच्या जोडणीवर सगळा जमाखर्च वजा जाता साधारण एवढंच हाती लागतं. लॅन कार्डाच्या स्थितीत बघितलं: लिंक १००. नवा पोर्ट अडीच गिगाबिटचा, आणि तो शंभरावर बसलाय.

वायरीच्या टोकाचा पारदर्शक प्लास्टिकचा कनेक्टर दिव्यासमोर धरला. आठ खाचा, पण तारा चारच: नारिंगीची जोडी आणि हिरव्याची. निळी आणि तपकिरी जोडी नाहीच. शंभर एमबीपीएसला एक, दोन, तीन आणि सहा क्रमांकाच्या चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. म्हणजे ही वायर कितीही ओढली तरी शंभरच्या वर जाणारच नव्हती, आणि दीडशेचा प्लॅन घेतल्या दिवसापासून वरचे पन्नास काकू उगाचच भरत होत्या. जुन्या कार्डावरही हेच होत असणार. कुणी मोजलं नाही.

उरलेल्या चार तारा कुठे गेल्या, ते रविवारी सकाळच्या उजेडात दिसलं. खिडकीबाहेर वायरीचं वरचं आवरण उभं चिरलेलं, काळी टेप गुंडाळलेली, आणि तिथून निळी-तपकिरी जोडी भिंतीला धरून शेजारच्या ब्लॉकमध्ये गेलेली. तिथे एक शिक्षिका राहतात, त्याही रीतसर पैसे भरणाऱ्या. एका वायरीत दोन घरं. कारागिरी म्हणून मला हे आवडलं हे कबूल करतो. ज्याने केलं त्याने वायर वाचवली आणि जोड्या बरोबर पाळल्या. पण आता काकूंना आठ तारा द्यायच्या तर बाईंचं नेट तोडावं लागणार.

सोमवार

साडेअकराला वसुलीचे मामा आले, बरोबर वायरी खांद्यावर टाकलेला पोरगा. मामांनी ओटीपीची कथा ऐकली, काकांचं नाव ऐकून क्षणभर थांबले, मग फोन काढून ऑफिसातल्या कुणाला तरी व्हॉट्सअॅपवर बोलून संदेश पाठवला: ‘अरे, तळमजल्याच्या वहिनींचा मॅक काढून टाक रे, कॉम्प्युटर नवा घेतलाय त्यांनी.’ पाच मिनिटांत पलीकडून अंगठा आला. ज्या कामासाठी शनिवारी मला ओटीपी मागितला होता ते काम ओळखीवर झालं. सोय झाली म्हणून मी गप्प बसलो, पण ही व्यवस्था कुणा परक्याच्या हातीही तितकीच सहज लागू शकते, हेही मनात आलंच.

मी नव्या कार्डावर घातलेला उसना पत्ता काढला, कनेक्शन तोडून पुन्हा जोडलं. स्वतःच्या पत्त्यावर पहिल्या झटक्यात लागलं. मामांकडून नाव बदलायचा फॉर्म घेतला. काकांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत, काकूंचं आधार, नवा मोबाइल नंबर. त्या फॉर्मवर सही करताना काकू जरा जास्त वेळ थांबल्या. मग म्हणाल्या, ‘सहा वर्षं यांच्या नावाची पावती येत होती. मला ते बरं वाटायचं.’

वेगाचं काय करायचं? पोरगा म्हणाला, फायबर ओढून देतो, बॉक्सचं डिपॉझिट भरा. मामा म्हणाले, नवी वायर टाकू, पण दिवाळीनंतर. मी हिशोब मांडून दाखवला: १८० एमबीची फाइल ९४ च्या वेगाने पंधरा सेकंदांत जाते, दीडशेने दहा. पाच सेकंदांसाठी दर महिन्याला दीडशे रुपये जास्त. काकूंनी प्लॅन शंभरचा करून घेतला. बाईंच्या चार तारा जागच्या जागी राहिल्या.

भंगारवाला मंगळवारी आला. त्याआधी मी थिनरने पत्र्यावरचं माझं अक्षर पुसून काढलं आणि हिरवं लॅन कार्ड काढून घेतलं, कुणाच्या तरी जळलेल्या पोर्टाला पुढच्या मे महिन्यात लागेल. काकू म्हणाल्या, ‘या नव्यातही आतून लिहून ठेव ना, तेव्हासारखं.’ पण नव्या कॅबिनेटची ती बाजू काचेची आहे, आत रंगीत दिवे फिरतात, लिहिलेलं सगळं बाहेरून वाचता येईल. मग दुधाच्या हिशोबाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहिलं: यूजरनेम, पासवर्ड, आणि या वेळी खाली बारा अक्षरांचा पत्ताही.